बावीस पडदे आणि बावीस श्रुती

अनगोळच्या एका भजनी मंडळात गेले काही महिने गिटारीवरून वाद चालला होता. मंडळातील तरुणांना विजेवर वाजणारी गिटार हवी होती. ज्येष्ठांना ती देवाच्या दारी नको होती. असे वाद व्हावयाचेच; त्यांत वावगे काही नाही. परंतु तो मिटविण्यासाठी एका सद्‌गृहस्थाने जी तोड काढली आणि दोन्ही पक्षांनी जी आनंदाने मान्य केली, तिच्याविषयी गप्प बसणे आम्हांला शक्य नाही. ते म्हणाले, “गिटार घ्या, पण २४ पडद्यांची नको, २२ पडद्यांची घ्या. आपल्या शास्त्रात श्रुती बावीसच आहेत. तेव्हा ते वाद्य तत्त्वतः आपलेच!” ज्येष्ठांचे समाधान झाले, तरुणांना वर्गणी मिळाली, आणि शास्त्राच्या नावावर एक धादांत खोटी गोष्ट मंडळाच्या खात्यात जमा झाली.

शास्त्र काय म्हणते ते आधी पाहू. भरताच्या नाट्यशास्त्रातील बावीस श्रुती या एका सप्तकातील होत. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात त्या दाखविण्यासाठी बावीस-बावीस तारांच्या दोन वीणांची रीत सांगितली. त्या बावीसही तारा एकाच सप्तकाच्या पोटात लावावयाच्या. गिटारीचे बावीस पडदे मात्र अर्ध्या-अर्ध्या स्वराच्या अंतराने बसविलेले असतात. बाराव्या पडद्यावर तार निम्मी होते आणि सप्तक पुरे होते. उरलेले दहा पडदे दुसऱ्या सप्तकाचे. म्हणजे या वाद्यात एका सप्तकाला पडदे आहेत बारा! बाविसाशी बावीस जुळले म्हणून नाते सांगावयाचे, तर आमच्या आळीतील बावीस घरांनाही श्रुतींचा मान दिला पाहिजे.

आणि संख्येवरच कुळ ठरवावयाचे असेल, तर कौल उलटाच लागतो. मेणात घट्ट बसविलेले चोवीस पडदे, सप्तकाला बारा, अशी सरस्वती वीणा ज्या कर्नाटकात आपण राहतो तेथे घराघरांत पूज्य आहे. ज्या २४ पडद्यांच्या गिटारीला परकी म्हणून परत पाठविले, तिचा हिशेब वीणेशी तंतोतंत जुळतो! वीणेवर सूक्ष्म स्वर निघतात ते पडदे मोजून नव्हे, तर पडद्यावरची तार ओढून. मिरजेच्या कारागिरांची सतार पाहा. तिचे पडदे दोऱ्याने बांधलेले, रागाप्रमाणे सरकविता येणारे, उंच आणि बाकदार. त्यामुळे तार आडवी खेचून मींड घेता येते. ब्रिजभूषण काब्रा यांनी तर गिटार आडवी ठेवून तारांवर धातूची कांडी फिरविली आणि पडदा असून नसल्यासारखा केला. स्वर जेथे सापडतो, तेथे पडद्यांची गणती कोणी विचारीत नाही.

मग पडद्यांच्या संख्येला काहीच अर्थ नाही काय? आहे, पण तो सुताराच्या पट्टीचा आहे, श्रुतिस्मृतींचा नाही. १९५४ सालच्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरला २१ पडदे होते, १९५२ सालच्या गिब्सन लेस पॉलला २२. चोवीस केले की दोन सप्तके पुरी होतात, परंतु त्याची किंमत मोजावी लागते. तारेची लांबी ६४.८ सेंटिमीटर धरली, तर एकविसावा पडदा घोडीपासून सुमारे १९.३ सेंटिमीटरवर पडतो आणि चोविसावा १६.२ वर. पडद्यांच्या पट्टीने एवढी जागा व्यापली की मानेजवळचे चुंबकी पिकअप घोडीकडे ढकलावे लागते, आणि तेथे नाद थोडा बारीक व तीक्ष्ण होतो. घोडीजवळ छेडलेली तार टोचते आणि दूर छेडलेली गोल बोलते, हे सतारीवर नख्खी धरलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. शिवाय पहिल्या पडद्याचे घर साडेतीन सेंटिमीटरांहून रुंद, तर चोविसाव्याचे एका सेंटिमीटरहूनही अरुंद. तेथे बोट नीट बसत नाही. आणि भजनाला ते घर हवे आहे कोणाला? पुरुषांच्या गळ्याची धाव पहिल्या तारेच्या बाराव्या पडद्याच्या आतच संपते. तेव्हा २१ किंवा २२ पडद्यांची गिटार भजनाला अधिक सोयीची, हा निर्णय योग्यच आहे. कारण मात्र खोटे आहे.

कोणी म्हणेल, निर्णय योग्य असेल तर कारण खोटे असल्याने काय बिघडते? बिघडते ते असे. गिटारीच्या पडद्यावरचा गांधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गांधाराहून अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने चढा असतो. ज्या मुलाला श्रुती या पडद्यांतच आहेत असे सांगितले गेले, तो आपला कान दुरुस्त करील काय? तो तंबोऱ्यालाच बेसूर म्हणेल. खोट्या अभिमानाची शिक्षा अशी मुलांच्या कानांना होते.

हा मोह नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश क्लेमेंट्स यांनी गेल्या शतकाच्या आरंभी श्रुतींची पेटी घडविली. त्यांची तळमळ खरी होती आणि त्यांनी निदान गणित तरी मांडले. तरीही १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत त्या पेटीवर वादच झडला. पुढे १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीने पेटीला दार बंद केले. आणि आमच्या बेळगावात पं. रामभाऊ विजापुरे यांनी साध्या बारा स्वरांच्या पेटीवर आयुष्य वेचून ती मैफलीत मानाने बसविली. परदेशातून आलेली पेटी देवळात रुळली ती कोणत्याही ग्रंथाच्या दाखल्याने नव्हे, वाजविणाऱ्याच्या कानाने.

गिटार इगर्जीची, म्हणून नको, असे म्हणणाऱ्या ज्येष्ठांना आमचे एवढेच सांगणे आहे की, गोव्यात घुमट देवळातल्या आरतीलाही घुमते आणि ख्रिस्ती बांधवांच्या मांड्यालाही; त्याने देव बाटला नाही. तरुणांना सांगणे असे की, तुमची मागणी सरळ मांडा. तिला उसन्या वेदांताची गरज नाही.

मंडळाने एका एकादशीला तंबोरा लावावा, गिटार त्याच्या षड्‌जाला मिळवावी आणि एक अभंग म्हणून पाहावा. स्वर जुळला, नाद गळ्याला झाकीत नसला, तर गिटार ठेवावी. नसेल तर नम्रपणे परत करावी. देवापुढे सूर खरा लागावा, एवढाच आमचा आग्रह आहे. आणि खऱ्या सुराला खोट्या कारणाचा टेकू लागत नाही.