सारखे रूप, निराळे कूळ

रूपावरून नाते ठरविण्याची मनुष्यास मोठी हौस. दोन प्राणी सारखे दिसले की ते एकाच कुळातील असावेत, असे आपण म्हणून मोकळे होतो. आपल्या सिंदेवाहीकडील रानातला एक मुका जीव हा समज खोटा पाडतो. तो म्हणजे खवल्या मांजर.

वारूळ फोडावयास बळकट नखे, मुंग्या व वाळवी टिपावयास लांब चिकट जीभ, आणि मुखात दात मुळीच नाहीत, अशी याची रचना आहे. दक्षिण अमेरिकेतील केसाळ मुंगीखाऊ पाहावा, तर तीच नखे, तीच जीभ, तेच दंतहीन मुख! म्हणून पूर्वीच्या विद्वानांनी दोघांस एकाच गटात घातले होते. परंतु जनुकांच्या तपासणीवरून आता निश्चित झाले आहे की, मुंगीखाऊ हा आर्माडिलोचा भाऊबंद, तर आपला खवल्या हा वाघ, कुत्रा व मांजर यांच्या कुळाला अधिक जवळचा. आमच्या लोकांनी त्यास ‘मांजर’ म्हटले, ते अगदीच वावगे नव्हे! ऑस्ट्रेलियातील एकिडना तर अंडी घालणारा. तरी त्याचीही जीभ याच घाटाची. उपजीविका एक, म्हणून हत्यारेही एक. ज्यांच्या अंगी उपयुक्त फरक होते ते तगले, त्यांची संतती वाढली, आणि लक्षावधी वर्षांत निरनिराळ्या कुळांस सारखे रूप आले.

यावर कोणी म्हणेल, ‘सृष्टी असा प्राणी पुनःपुन्हा घडविते, मग एक गेला तर काय बिघडले?’ आमचे मत याच्या अगदी उलट आहे. रूप पुन्हा येईल, कूळ पुन्हा येणार नाही. शिवाय या प्राण्याच्या मादीस एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते. संकट येताच तो अंगाचा चेंडू करितो; वाघापुढे ही युक्ती चालते, मनुष्य मात्र त्यास सहज उचलून नेतो. आणि हे कशासाठी? तर खवल्यांसाठी, जे आपल्या नखांच्याच द्रव्याचे असतात! ते औषध म्हणून घेणे म्हणजे स्वतःची नखे उगाळून पिणे होय.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याची शिकार निषिद्ध आहे. २०१६ साली राष्ट्रांनी त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद करण्याचे ठरविले. तथापि कायद्याचा हात रानात सर्वत्र पोचत नाही. तेथे आमचे विद्यार्थी व त्यांचे वडीलधारे यांनीच त्या मुक्या जीवाचे राखणदार व्हावे, हे आम्हांस उचित वाटते.