डीएनए जुळला, पण लॉग कुठे आहे?

क्राइम सिरियल बघून बघून आपल्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलीये: डीएनए मॅच झाला की केस संपली. मग 15 जुलै 2025 ला सुप्रीम कोर्टाने फाशीची शिक्षा झालेल्या एका माणसाला निर्दोष का सोडलं?

केस तमिळनाडूतली. 2011 मध्ये थेनी जिल्ह्यातल्या सुरुळी धबधब्याजवळ एका तरुण जोडप्याचा खून झाला. खालच्या कोर्टाने आरोपीला फाशी सुनावली, हायकोर्टाने ती कायम ठेवली. डीएनए रिपोर्ट आरोपीच्या विरोधात होता. पण नमुने लॅबला उशिरा गेले, आणि मधल्या काळात ते कुठे, कोणाकडे, कसे होते याचा धड हिशोबच नव्हता. (परिस्थितीजन्य पुराव्यांची साखळीही कोर्टाला तुटकी वाटली, डीएनए हे एकच कारण नव्हतं.)

आता मशीन काय करतं ते बघू. आपल्या डीएनएत काही ठरावीक जागी छोटे तुकडे परत परत येतात. तुमच्यात एखादा 11 वेळा, माझ्यात 14 वेळा. अशा वीसेक जागांचे आकडे जुळवतात. सगळे योगायोगाने जुळणं जवळपास अशक्य, त्यामुळे रिपोर्टमधला तो भलामोठा आकडा खराच असतो. पण तो फक्त योगायोगाबद्दल बोलतो, भेसळीबद्दल नाही. लॅबमध्ये नमुन्याच्या लाखो कॉपी काढतात. दुसऱ्या कोणाच्या चार पेशी आत गेल्या असतील, तर त्यांच्याही कॉपी निघतात.

आमच्या भाषेत सांगायचं तर हा चेकसम आहे. चेकसम जुळला म्हणजे फाइल तीच. ती त्या फोल्डरमध्ये कोणी, कधी टाकली, ते तो सांगत नाही.

जर्मनीत हेच झालं होतं. 2007 मध्ये हाइलब्रॉन शहरात एका महिला पोलिसाचा खून झाला. तिथे सापडलेला एका बाईचा डीएनए इतर डझनावारी गुन्ह्यांतही निघाला होता. पोलीस तिच्या मागावर. 2009 मध्ये उलगडा झाला: नमुने घ्यायचे कापसाचे बोळेच पॅकिंग करताना एका कामगार बाईच्या हातून दूषित झाले होते. मशीन प्रत्येक वेळी बरोबर होतं!

सुरुळीच्या निकालात कोर्टाने म्हणूनच सगळ्या राज्यांसाठी नियम घातले. नमुना 48 तासांत लॅबला पोचवायचा, उशीर झाला तर कारण लिहायचं. ट्रायल कोर्टाच्या परवानगीशिवाय सील उघडायचं नाही. नमुना कोणाकडून कोणाकडे गेला याचं रजिस्टर ठेवायचं. हे महाराष्ट्र पोलिसांनाही लागू आहे.

हे आधीच असतं तर? आरोपी गुन्हेगार असता तर सुटला नसता, नसता तर फाशीच्या छायेत वर्षं काढली नसती. मेलेल्या दोघांच्या घरच्यांना निदान एक ठाम उत्तर मिळालं असतं.

माझी शंका एकच, ती रजिस्टरची. कागदी वही नंतर बसूनही भरता येते. दर शुक्रवारी संध्याकाळी अख्ख्या आठवड्याची टाइमशीट एका दमात भरणारा माणूस हे तुम्हाला सांगतोय.