वजन उतरविण्याची मुदत

लग्नाची तिथी ठरली, की आपल्या घरांतून पूर्वी दोन कामांना वेग येत असे : एक पापड-सांडगे घालण्याच्या आणि दुसरे सोनाराकडील खेपांच्या. अलीकडे त्यांत तिसऱ्या कामाची भर पडली आहे. वधूने, क्वचित वराने, आणि पुष्कळदा वधूमातेनेही तिथीच्या आत अमुक किलो वजन उतरवायचे, असा संकल्प सोडला जातो. या संकल्पाला खतपाणी घालणाऱ्या जाहिरातींचीही हैदराबादेत वाण नाही. कोणी महिन्याचा वायदा करतो, कोणी तीन महिन्यांचा. उतावळ्या नवऱ्याने गुडघ्याला बाशिंग बांधल्याची म्हण आपण हसत हसत वापरतो. परंतु वजनाच्या बाबतीत सारे घरच्या घर गुडघ्याला बाशिंग बांधून बसले आहे, हे मात्र आपल्या ध्यानी येत नाही.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्यांना वैद्यांनी वजन कमी करण्यास सांगितले आहे, त्यांनी ते करावे, याविषयी माझ्या मनात यत्किंचितही शंका नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील सुमारे २४ टक्के स्त्रिया व २३ टक्के पुरुष वाजवीपेक्षा अधिक वजनाचे आढळले. मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी यांचा त्या वजनाशी असलेला संबंध आता सर्वश्रुत आहे. माझा आक्षेप आहे तो केवळ मुदतीला. किती उतरवायचे याचा विचार सर्व करतात; किती काळात उतरवायचे, आणि उतरल्यावर ते किती काळ सांभाळायचे, याचा विचार फारच थोडे लोक करतात.

मराठी घरांत आहाराची चर्चा काही थोडी झालेली नाही. नागपूरचे कै. डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४-२००४) यांच्या विचारांवरून स्फूर्ती घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा आणि पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण्याचा प्रचार केला. दुसरीकडे ऋजुता दिवेकर यांनी थोड्या थोड्या वेळाने थोडे थोडे खाण्याचा पुरस्कार केला. या दोन मतांवरून कित्येक घरांत सासू-सुनांचे, आणि शिक्षकांच्या खोलीत आम्हा शिक्षकांचे, मोठे रंगतदार वाद झाले. काय खावे आणि केव्हा खावे, यावर दोन्ही पक्ष तावातावाने बोलले. पण हा नेम किती वर्षे चालवावयाचा आहे, हा प्रश्न त्या वादात क्वचितच कोणी विचारला. वस्तुतः प्रश्न तोच महत्त्वाचा होता.

या प्रश्नाचे एक उत्तर शोधण्यासाठी आपल्याला शहराबाहेर जाण्याचेही कारण नाही. तार्नाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूर येथे बेरीबेरी रोगाच्या संशोधनासाठी सुरू झालेले हे काम १९५८ मध्ये हैदराबादेत आले आणि १९६९ मध्ये संस्थेला आजचे नाव मिळाले. स्थलांतराच्या काळात डॉ. व्ही. एन. पटवर्धन हे तिचे संचालक होते, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी अभिमानाने स्मरणात ठेवावी. या संस्थेने भारतीयांसाठी केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात आठवड्याला अर्धा किलो ही वजन उतरविण्याची सुरक्षित गती म्हटली आहे, आणि वजन कमी करणाऱ्याचा आहारही दिवसाला १,००० कॅलरींच्या खाली जाऊ नये असे बजाविले आहे.

आता थोडे गणित मांडू. एक किलो चरबीत ढोबळ मानाने ७,७०० कॅलरी साठविलेल्या असतात. रोजच्या गरजेपेक्षा ५०० कॅलरी कमी घेतल्या, तर आठवड्याची तूट ३,५०० होते, म्हणजे जेमतेम अर्धा किलो. एखाद्या गृहिणीचे वजन ९५ किलो असून तिला २५ किलो उतरवावयाचे असतील, तर एकही आठवडा न चुकता पन्नास आठवडे लागतील. पण वर्षात गणपती येतात, दिवाळी येते, संक्रांतीचे तिळगूळ येतात. आजारपण येते, माहेरची लग्ने येतात. शिवाय देह जसजसा हलका होतो, तसतशी त्याची दैनंदिन गरजही घटते आणि तेवढ्याच पथ्याने पूर्वीइतके वजन उतरेनासे होते. तेव्हा दीड ते दोन वर्षे हा या गृहिणीचा प्रामाणिक हिशेब ठरतो. जो तिला तीन महिन्यांचे वचन देतो, तो तिच्या देहाला दिवसाला दोन हजारांहून अधिक कॅलरींची तूट सोसावयास सांगतो. ज्या स्त्रीची दिवसाची सारी गरजच साधारण तेवढी असते, तिने मग खावे काय?

‘‘परंतु पहिल्याच आठवड्यात तीन किलो उतरतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे,’’ असे कोणी म्हणेल. ते खोटे नव्हे. आपल्या यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखरेची शिल्लक असते आणि ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट पाणी धरून ठेवते. उपास घडताच ही शिल्लक प्रथम खर्च होते आणि तिच्याबरोबर पाणीही निघून जाते. काटा खाली येतो, चरबी मात्र बव्हंशी जागच्या जागी असते. जाहिरातवाल्याचा सारा व्यापार या पहिल्या आठवड्यावर चालतो.

घाईची किंमत कशी मोजावी लागते, याचा एक विलक्षण दाखला अमेरिकेतला आहे. तेथे दूरचित्रवाणीवर वजन उतरविण्याची स्पर्धा होत असे. त्यातील चौदा स्पर्धकांचा पुढे सहा वर्षांनी अभ्यास झाला आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीस आठवड्यांत या मंडळींनी सरासरी ५८ किलो उतरविले होते. सहा वर्षांनी त्यांतील सरासरी ४१ किलो परत आलेले आढळले. त्याहून चिंतेची गोष्ट ही, की स्वस्थ बसले असता त्यांचा देह अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळीत होता. दुष्काळातून गेलेला गृहस्थ जसा पुढे सुगीतही हात आखडूनच खर्च करतो, तसाच हा प्रकार.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणेही न्यायाने मांडले पाहिजे. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे २०० जणांवर झालेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी वैद्यकीय देखरेखीखाली बारा आठवड्यांत वजन उतरविले, निम्म्यांनी छत्तीस आठवड्यांत. जलद गटातील ८१ टक्के लोक ठरविलेल्या लक्ष्यापर्यंत पोहोचले, सावकाश गटातील केवळ ५० टक्के. पुढील सुमारे तीन वर्षांत मात्र दोन्ही गटांनी उतरविलेल्या वजनापैकी जवळजवळ ७१ टक्के परत मिळविले. याचा अर्थ असा, की केवळ सावकाश जाण्यानेही कार्य सिद्धीस जात नाही. काहींना आरंभीचा वेग उत्साह देतो, हेही मान्य केले पाहिजे. माझ्या मते या प्रयोगाचा खरा धडा वेगळाच आहे : बारा आठवडे असोत की छत्तीस, ज्या मुदतीत ‘उतरल्यानंतरची’ वर्षे धरलेली नाहीत, ती मुदतच अपुरी होय.

आज औषधे आणि शस्त्रक्रिया यांचाही बोलबाला आहे. पण त्यांचे पंचांगही पाहावे. सेमाग्लुटाइड या इंजेक्शनाच्या २०२१ मधील गाजलेल्या चाचणीत सरासरी १५ टक्के वजन उतरण्यास ६८ आठवडे लागले, आणि औषध थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्यांपैकी दोन-तृतीयांश वजन परत आले. जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन तळाला जाण्यास साधारण एक ते दीड वर्ष लागते. शस्त्रवैद्याच्या सुरीला आणि नव्यातल्या नव्या औषधाला जे काम वर्षाच्या आत उरकत नाही, ते आपण काढ्याच्या पेल्याकडून लग्नतिथीच्या आत मागावे, हे कितपत शहाणपणाचे?

या घाईचे दुष्परिणाम केवळ काट्यावर दिसत नाहीत. झपाट्याने वजन उतरविणाऱ्यांत पित्ताशयातील खड्यांचा धोका वाढतो, स्नायू झिजतात, दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात. त्याहूनही मोठी हानी मनाची होते. माझ्या परिचयातील एका काकींनी भाचीच्या लग्नासाठी दोन महिने केवळ सूप आणि काकडीवर काढले. लग्नात सर्वांनी त्यांची वाहवा केली. आठ महिन्यांनी वजन पूर्वपदाला येऊन वर चार किलो वाढले. तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘माझ्यातच निश्चय नाही हो.’’ ज्या स्त्रीने दोन महिने भूक दाबून संपूर्ण घराचा स्वयंपाक केला, तिच्यात निश्चय नाही असे कोण म्हणेल? निश्चय भरपूर होता, मुदत खोटी होती. आणि त्या खोट्या मुदतीचा दोष त्या माउलीने आपल्या पदरी घेतला. माझ्या लेखी हा अन्याय किलोंच्या हिशेबाहून गंभीर आहे.

मग मुदत कशी ठरवावी? प्रथम वैद्यांना भेटावे. मधुमेहाची वा रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यांनी तर अवश्य भेटावे, कारण वजन उतरू लागले की औषधांचे प्रमाणही बदलावे लागते. नंतर पहिला टप्पा लहान धरावा. वजनाच्या पाच ते सात टक्के हे लक्ष्य किरकोळ वाटते, पण २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात सात टक्के वजन उतरविणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे एवढ्या उद्दिष्टांनी मधुमेह जडण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले होते. आपल्या ९५ किलोंच्या गृहिणीला हा लाभ सहा-सात किलो उतरताच मिळू लागतो. म्हणजे चार-पाच महिन्यांत. तेथे काही आठवडे थांबून तेवढेच वजन टिकवून दाखवावे. पहिल्या वर्षात पंधरा, दुसऱ्या वर्षात दहा, आणि तिसरे संपूर्ण वर्ष केवळ सांभाळण्याचे, असा आराखडा आखावा. मध्ये महिनाभर काटा हलला नाही, तर तो पराभव न मानता वाटेवरचा विसावा मानावा. गोवळकोंड्याच्या सुमारे ३६० पायऱ्या धावत चढणारी आमची मुले अर्ध्या वाटेवर धापा टाकीत बसलेली असतात आणि मध्ये मध्ये टेकणारे आजोबा बाला हिसारला पोहोचून वारा खात उभे असतात, हे आपण सहलीत पाहतोच.

पथ्यही असे असावे, की जे तिसऱ्या वर्षी करतानाही जिवावर येणार नाही. आम्हा कोंकणी माणसांच्या ताटातून भात समूळ काढून टाकणे हे फार तर महिनाभर चालते. त्याऐवजी भाताची मूद लहान करावी, उसळ व भाजी वाढवावी, चहातील साखर आणि चहाबरोबरची उस्मानिया बिस्किटे कमी करावीत. हे साधे आहे, म्हणूनच टिकते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला मात्र यांतील कोणतीच मुदत लागू नाही. वाढत्या वयात अन्न तोडण्यापेक्षा हालचाल वाढवावी, असेच पोषणतज्ज्ञ सांगतात. उंची वाढता वाढता पुष्कळांचे वजन आपोआप प्रमाणात येते. वर्गातील एखाद्या मुलाला ‘ढब्बू’ म्हणून हाक मारणे सोपे असते. त्याला रोज खो-खोच्या मैदानावर बरोबर घेऊन जाणे हे मित्राचे काम होय. मुलींनी जेवणाचा डबा तसाच परत नेऊ नये, आणि तो परत आला तर आयांनी कौतुक करू नये.

पालकांना शेवटची विनंती. घरात कोणी वजन उतरविण्याचे मनावर घेतले, तर ‘‘किती उतरले?’’ असे रोज विचारू नका. संध्याकाळी त्यांच्याबरोबर अर्धा तास चालावयास निघा. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरावर तारीख मांडावयाचीच असेल, तर ती या वर्षाच्या कॅलेंडरावर मांडू नका. ते कॅलेंडर अजून छापावयाचे आहे.