एकाच गावी छप्पन्न वर्षे

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम नोव्हेंबरअखेर उतरणीला लागला की मैदानावरील सामन्यांच्या बरोबरीने आणखी एक चढाओढ तेथील वृत्तपत्रांत रंगू लागते, आणि ती असते प्रशिक्षकांच्या नेमणुका, बरखास्त्या आणि स्थलांतरे यांची. करारनाम्याची निम्मी मुदतही सरलेली नसताना एखादा यशस्वी प्रशिक्षक अधिक धनाढ्य विद्यापीठाकडे निघून जातो; ज्याला मुदतीपूर्वी दूर केले जाते त्याच्या पदरात भरपाईदाखल लक्षावधी डॉलर पडतात; आणि वर्षाला एक कोटीहून अधिक डॉलर वेतन घेणारे प्रशिक्षक आता अपवादादाखल सांगण्याइतके थोडे राहिलेले नाहीत.

या व्यवसायातील बढतीची वाट ठरून गेलेली आहे. पदवी मिळाली की तरुणाने कोणा नामांकित प्रशिक्षकाच्या हाताखाली तुटपुंज्या मुशाहिऱ्यावर उमेदवारी करावी, प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांच्या चित्रफिती पाहून त्यांच्या चालींचे तक्ते तयार करावेत, पुढे संघाच्या एखाद्या विभागाचा प्रशिक्षक व्हावे, मग आक्रमणाची अथवा बचावाची संपूर्ण सूत्रे हाती घ्यावीत, त्यानंतर एखाद्या लहान महाविद्यालयाचे मुख्य प्रशिक्षकपद मिळवावे, आणि तेथे नाव झाले की मोठ्या विद्यापीठाकडे कूच करावे, असा हा शिरस्ता. या वाटेने वर गेलेली माणसे अपात्र असतात असे मुळीच नव्हे. ज्यांचे नाव या खेळात आजही आदराने घेतले जाते ते बेअर ब्रायंट १९४५ साली मेरीलँडला मुख्य प्रशिक्षक झाले, तेथून केंटकी, टेक्सास ए अँड एम आणि अखेर अलाबामा अशी मजल मारत १९८२ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी ३२३ विजय मिळविले, आणि त्यांच्या कर्तबगारीविषयी शंका घेण्याचे कोणाला कारण नाही.

परंतु बढतीची ही एकच व्याख्या प्रमाण मानली तर एडी रॉबिन्सन यांची कारकीर्द कोणत्या रकान्यात मांडावी, हा प्रश्न उरतो. १९४१ साली ते लुइझियाना राज्याच्या उत्तर भागातील ग्रॅम्बलिंग या लहानशा गावच्या संस्थेत रुजू झाले आणि १९९७ साली त्याच संस्थेच्या सेवेतून निवृत्त झाले. छप्पन्न वर्षांत त्यांनी संस्था बदलली नाही, गाव सोडले नाही. ४०८ सामने मात्र जिंकले. ब्रायंट यांचा विक्रम त्यांनी ५ ऑक्टोबर १९८५ रोजी डॅलसच्या कॉटन बोल मैदानावर प्रेअरी व्ह्यू संघाचा पराभव करून मागे टाकला.

रॉबिन्सन यांचा जन्म १९१९ साली लुइझियानातील जॅक्सन येथे झाला. वडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करीत, आई लोकांच्या घरी कामाला जाई. ते बॅटन रूज शहरात वाढले. प्राथमिक शाळेत असताना मॅकिन्ले हायस्कूलचे फुटबॉल प्रशिक्षक एकदा आपला संघ घेऊन त्यांच्या शाळेत आले. त्या गृहस्थांचा पेहराव, त्यांचे बोलणे आणि मुले त्यांना देत असलेला मान यांचा त्या बालमनावर असा काही ठसा उमटला की आपणही हेच व्हायचे असा निश्चय त्यांनी त्या वयात केला, आणि तो आयुष्यभर ढळू दिला नाही. त्याच बॅटन रूज शहरात राज्याचे प्रमुख विद्यापीठ होते, त्याचे भव्य क्रीडागार होते. परंतु त्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघात कृष्णवर्णीय खेळाडूला प्रवेश मिळायला १९७०चे दशक उजाडावे लागले. रॉबिन्सन यांनी म्हणून लेलँड या कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या लहान महाविद्यालयात शिक्षण घेतले, तेथे क्वार्टरबॅक म्हणून, म्हणजे प्रत्येक चालीचा आरंभ ज्याच्या हातून होतो त्या सेनानीच्या जागेवरून, ते खेळले. आणि पदवी घेऊन बाहेर पडल्यावर पशुखाद्याच्या गिरणीत ताशी पंचवीस सेंटवर हमाली करू लागले.

ग्रॅम्बलिंगच्या संस्थेला त्या काळी धड महाविद्यालयाचे नावही नव्हते. कृष्णवर्णीय शिक्षक तयार करणाऱ्या त्या संस्थेचे अध्यक्ष राल्फ वॉल्डो इमर्सन जोन्स स्वतःच बेसबॉलचा संघही सांभाळीत, यावरून तिच्या मनुष्यबळाची कल्पना यावी. त्यांनी या बावीस वर्षांच्या तरुणाला दरमहा ६३ डॉलर ७५ सेंट वेतनावर नेमले. नेमणूक प्रशिक्षकाची असली तरी जिम्मा सर्वच कामांचा होता: मैदानावरचे गवत कापायचे, चुन्याच्या रेघा आखायच्या, जखमी खेळाडूंना पट्ट्या बांधायच्या, बास्केटबॉलचा संघ तयार करायचा आणि सामना संपल्यावर त्याचा वृत्तान्त लिहून वृत्तपत्रांकडे पाठवायचा. सहायकांची फौज दिमतीला असलेल्या आजच्या प्रशिक्षकाला हे वर्णन अद्भुत वाटेल. पहिल्या हंगामात आठपैकी तीनच सामने जिंकले गेले. दुसऱ्या हंगामात नऊच्या नऊ सामने जिंकले, आणि त्या नऊ सामन्यांत एकाही प्रतिस्पर्ध्याला एकही गुण मिळविता आला नाही.

महायुद्धामुळे पुढली दोन वर्षे महाविद्यालयाचा संघ उभा राहू शकला नाही, तेव्हा रॉबिन्सन यांनी गावच्या हायस्कूलचा संघ हाती घेतला. ऐन हंगामात कापसाची वेचणी आली आणि एका शेतकऱ्याने आपल्या मुलांना सरावातून काढून शेतावर नेले. बापाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण त्या घरची वर्षभराची भाकरी त्या बोंडांवर अवलंबून होती. रॉबिन्सन यांनी उरलेला सगळा संघ गोळा केला, शेतावर नेला आणि सर्वांनी मिळून कापूस वेचून दिला. काम उरकले तशी मुले खेळायला मोकळी झाली. खेळाडूच्या घरची अडचण ही संघाचीच अडचण, हे जे त्यांच्या शिक्षणपद्धतीचे मूलतत्त्व पुढे अर्धशतक टिकले, ते त्या शेतात प्रथम स्पष्ट दिसते.

दक्षिणेकडील राज्यांत त्या काळी परगावी सामन्याला जायचे म्हणजे एक दिव्यच असे. गोऱ्यांच्या उपाहारगृहात या खेळाडूंना पानावर बसू देत नसत, त्यामुळे प्रवासात खाण्यासाठी सँडविचे आधीच बांधून घ्यावी लागत, आणि ती तयार करण्यात प्रशिक्षक स्वतः हात लावीत. अशा प्रवासालाही संघाने कोट आणि टाय घालूनच निघाले पाहिजे असा त्यांचा दंडक होता. सकाळी वसतिगृहाच्या ओसरीतून ते हातातली घंटा वाजवीत फिरत. झोपलेल्यांना उठवून वर्गात आणि रविवारी चर्चमध्ये पाठवीत. समाजाने ज्यांना दाराबाहेर उभे केले होते त्या मुलांच्या अंगी प्रतिष्ठितपणाची सवय बाणावी, दार उघडेल त्या दिवशी त्यांना बावचळल्यासारखे होऊ नये, यासाठी चाललेला तो अखंड अभ्यास होता.

आणि दार उघडले ते त्यांच्याच विद्यार्थ्यांनी. १९४९ साली पॉल ‘टँक’ यंगर हा त्यांचा खेळाडू लॉस एंजेलिस रॅम्स संघात गेला. कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयातून थेट राष्ट्रीय व्यावसायिक लीगमध्ये दाखल झालेला तो पहिला खेळाडू. निवडीच्या यादीत त्याचे नावही नव्हते. रॉबिन्सन यांनी त्याला निरोप देताना बजावून सांगितले की तू अयशस्वी झालास तर आपल्या महाविद्यालयांतला उत्तम खेळाडू घेऊन पाहिला, तोही उपयोगाचा निघाला नाही, असे लोक म्हणतील आणि तुझ्यामागून येणाऱ्यांची वाट बंद होईल. एवढे ओझे शिरावर घेऊन यंगर दहा हंगाम खेळला. पुढे ग्रॅम्बलिंगमधून दोनशेहून अधिक खेळाडू व्यावसायिक संघांत गेले. विली डेव्हिस, विली ब्राऊन, बक ब्युकॅनन आणि चार्ली जॉयनर या चौघांना या खेळाच्या सन्मानमंदिरात स्थान मिळाले. डेव्हिस याने तर खेळता खेळता शिकागो विद्यापीठातून व्यवसाय व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेतली आणि तो उद्योजक म्हणूनही नावारूपाला आला.

तरीही एक अडसर शिल्लक होता. कृष्णवर्णीय खेळाडू धावेल, अडवील, चेंडू झेलील. पण संघाचे नेतृत्व करण्याची बुद्धी त्याच्याजवळ नाही, असा समज व्यावसायिक संघांच्या चालकांत रुजलेला होता, आणि महाविद्यालयात क्वार्टरबॅक असलेल्या मुलाला तेथे पाऊल टाकताच दुसऱ्या जागेवर हलविले जाई. रॉबिन्सन यांनी जेम्स हॅरिस याला जाणीवपूर्वक याच जागेसाठी घडविले, आणि १९६९ साली तो बफेलो संघाचा क्वार्टरबॅक म्हणून मैदानात उतरला. त्याच्यामागून डग विल्यम्स आला. ३१ जानेवारी १९८८ रोजी सॅन डिएगो येथे सुपर बोलच्या, म्हणजे त्या व्यावसायिक लीगच्या अंतिम, सामन्यात विल्यम्सचा वॉशिंग्टन संघ पहिल्या सत्रातच डेन्व्हरच्या मागे दहा गुणांनी पडला होता; त्यातच विल्यम्सचा पाय घसरून गुडघा दुखावला आणि त्याला बाहेर जावे लागले. तो परतला, आणि दुसऱ्या सत्राच्या पंधरा मिनिटांत त्याने चार टचडाउन फेकले आणि संघाने पस्तीस गुण मिळविले. सामना ४२–१० असा संपला, सर्वोत्तम खेळाडूचा मान विल्यम्सला मिळाला, आणि नेतृत्वाच्या बुद्धीविषयी अनेक वर्षे चाललेल्या त्या वादाचा निकाल सर्व राष्ट्रासमक्ष लागला. खेड्यात राहून माणूस किती उंच चढू शकतो याचे प्रमाण मागणाऱ्याने ती पंधरा मिनिटे पाहावीत.

येथे एका सोयीस्कर समजुतीपासून सावध राहणे मला अगत्याचे वाटते. रॉबिन्सन एका जागी राहिले ते त्यांच्या निष्ठेमुळे, हे खरे. पण ते अर्धे सत्य आहे. ज्या काळात त्यांनी संघामागून संघ घडविले, त्यातील बहुतेक वर्षांत दक्षिणेतील एकाही मोठ्या विद्यापीठाने कृष्णवर्णीय माणसाच्या हाती आपला फुटबॉल संघ सोपविला नाही. पहिल्या श्रेणीतील मोठ्या विद्यापीठाला असा पहिला मुख्य प्रशिक्षक मिळाला तो १९७९ साली, विचिटा स्टेटमध्ये विली जेफ्रीज यांच्या रूपाने. आणि अलाबामा ज्या परिषदेत, म्हणजे विद्यापीठांच्या ज्या गटात, खेळते त्या दक्षिणपूर्व परिषदेत पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक आला तो २००४च्या हंगामात. म्हणजे बढतीची जी शिडी आज स्वाभाविक मानली जाते, तिच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याची मुभाच त्यांना उमेदीच्या वर्षांत नव्हती. त्यांच्या समाधानाचे गोडवे गाऊन त्यांच्यावर झालेल्या अन्यायावर पांघरूण घालणे हा दुसरा अन्याय होईल. त्यांची थोरवी यात आहे की स्वतःसाठी बंद असलेल्या वाटेची त्यांनी खंत कुरवाळली नाही आणि ती वाट इतरांसाठी खुली करण्यात आयुष्य वेचले.

त्यांच्या कारकीर्दीला दुसरी बाजू नाही असे मी म्हणणार नाही. १९६७ साली ग्रॅम्बलिंगच्याच विद्यार्थ्यांनी, येथे विद्येपेक्षा फुटबॉलला अधिक मान आहे, अशी तक्रार घेऊन आंदोलन केले, आणि संस्थेचे नाव देशभर खेळामुळेच ओळखले जात असता ती तक्रार अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पुढे मोठ्या विद्यापीठांची दारे उघडली तसे गुणी खेळाडू तिकडे जाऊ लागले. ज्या समतेसाठी त्यांनी विद्यार्थी तयार केले तिच्याच विजयाने त्यांच्या संघाचा कस उणावत गेला. अखेरच्या तीनही हंगामांत विजयांपेक्षा पराभव अधिक झाले. १९९६च्या अखेरीस त्यांना दूर करण्याच्या हालचाली झाल्या, लोकक्षोभामुळे आणखी एक वर्ष मिळाले, आणि मग वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी मैदान सोडले. वेळीच उत्तराधिकारी तयार करून त्याच्या हाती सूत्रे द्यायला हवी होती, असे मला प्रामाणिकपणे वाटते. ती सूत्रे शेवटी डग विल्यम्स याच्याच हाती गेली, आणि २००० पासून सलग तीन वर्षे त्याने ग्रॅम्बलिंगला त्याच्या परिषदेचे अजिंक्यपद मिळवून दिले.

२००७ साली रॉबिन्सन निवर्तले. अमेरिकेतील फुटबॉल लेखकांची संघटना वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षकाला जो पुरस्कार देते तो आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. आणि तो घेणाऱ्याच्या दारात अधिक मोठ्या वेतनाचे बोलावणे उभे असणे, यात आता कोणाला काही वावगे वाटत नाही. प्रशिक्षकाने आयुष्यभर एकाच गावी राहावे असा आग्रह मी धरणार नाही. प्रत्येकाला आपल्या गुणांचे मोल मागण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क रॉबिन्सन यांना नाकारला गेला याचेच तर दुःख आहे. पण विद्यापीठांच्या हाती दोन गोष्टी निश्चित आहेत. प्रशिक्षकाने घरोघर जाऊन, आईबापांना शब्द देऊन आणलेल्या मुलांना ऐन हंगामात सोडून जाता येणार नाही, असे बंधन करारनाम्यात असावे. आणि त्याच करारनाम्यात विजयाच्या बक्षिसाला जेवढे वजन असते तेवढेच वजन, त्याच्या हाताखालून गेलेल्या मुलांपैकी किती जण पदवी घेऊन बाहेर पडले, या हिशेबाला असावे. हा दुसरा हिशेब मांडला जाऊ लागेल तेव्हाच त्या पुरस्काराला दिलेले नाव सार्थ ठरेल.

— प्रेक्षक