पोथी पुजावी की अभ्यासावी?

गेल्या आषाढातील गोष्ट आहे. आमचे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, दर एकादशीला कामथडीच्या देवळात भजनाला बसतात. त्यांच्याजवळ अभंगांची एक हाताने लिहिलेली वही आहे. ती त्यांच्या वडिलांनी उतरवून घेतलेली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. तेव्हा थोडे जास्तीचे शहाणपण माझ्या अंगात आले होते, हे कबूल केले पाहिजे. मी ग्रंथालयातून छापील गाथा आणली आणि वहीशी ताडून पाहिली. एका अभंगात एक शब्द निराळा निघाला आणि एक अभंग तर गाथेत सापडलाच नाही. मी चारचौघांच्या देखत म्हणाले, "आबा, तुमची वही चुकीची आहे."

आबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी वही फडक्यात गुंडाळली आणि कोनाड्यात ठेवली. पुढे कित्येक एकादश्या ती बाहेर निघाली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, माझे काय चुकले? ताडून पाहिले हे चुकले, की ताडून पाहण्याची रीत चुकली? या प्रश्नाचे उत्तर मला जिथे मिळाले, ती जागा ऐकून आपल्याला नवल वाटेल. ते मिळाले ज्यू आणि ख्रिस्ती लोकांच्या प्राचीन ग्रंथांच्या अभ्यासात!

सुरुवात झाली ती आपल्याच जिल्ह्यातील केडगावपासून. इतिहासाच्या तासाला पंडिता रमाबाईंचे नाव निघाले. त्यांनी धर्मांतर केले, विधवांसाठी आश्रम काढला, एवढे सर्वांना ठाऊक असते. परंतु ही संस्कृत पंडिता उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसली आणि आयुष्याची अखेरची पंधराहून अधिक वर्षे मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणण्यात तिने घालवली, हे किती जणांना माहीत असते? आधीचे मराठी भाषांतर साध्या बायाबापड्यांना जड जाते, असे त्यांचे मत होते. मुक्ती मिशनच्या छापखान्यात आश्रमातील स्त्रियाच खिळे जुळवीत. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी वारल्या आणि संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर पडले. दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबून न राहता मुळाशी जायचे, ही त्यांची जिद्द मला फार मोठी वाटली.

मग मी मराठी बायबल घरी आणले. शेजारच्या काकूंनी ते पाहिले आणि आईला विचारले, "पोरगी बाटली का काय गं?" आईला अक्षरओळख नाही. पण ती म्हणाली, "ती वाचतीया, पुजत न्हाई." माझ्या लेखाचे सारे सार त्या उत्तरात आले आहे.

वरंधा घाट उतरून कोकणात गेले की बेने इस्रायल लोकांच्या गावांचा मुलूख सुरू होतो. राजपूरकर, किहीमकर, पेणकर ही आडनावे याच मातीतली. तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. शतकानुशतके मराठी बोलता बोलता त्यांची हिब्रू जवळजवळ विसरली गेली होती. 1832 मध्ये जॉन विल्सन या मिशनऱ्याने मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता. पण भाषा हाती आल्यावर या लोकांनी तिचा उपयोग केला तो आपल्याच प्रार्थनांकडे परतण्यासाठी! जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी कितीतरी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. 1874 मध्ये आपल्या पुण्यात वल्हांडण सणाची 'हागादा' ही पोथी हिब्रू आणि मराठीत छापली गेली. तिच्यातील एका चित्रात साडी नेसलेल्या बायका सणाची बिनखमिराची भाकर करताना दाखविल्या आहेत. ग्रंथ ज्याला वाचता येतो, त्याला तो कोणत्या बाजूला नेईल हे शिकविणारा सांगू शकत नाही.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. 1947 च्या सुमारास मृत समुद्राजवळ कुमरान येथील डोंगरात एका मेंढपाळ पोराला गुहेत मातीची मडकी सापडली. भोर-वेल्ह्याच्या डोंगरात शेळ्या वळणाऱ्या पोरासारखाच तो पोर. मडक्यांत चामड्याच्या गुंडाळ्या होत्या. त्यांतील यशया संदेष्ट्याची गुंडाळी सात मीटरहून लांब आहे आणि तोपर्यंत ठाऊक असलेल्या हिब्रू प्रतींहून सुमारे हजार वर्षे जुनी आहे. विद्वानांनी शब्द न् शब्द ताडला. मजकूर बराचसा तोच निघाला, पण शुद्धलेखनाचे आणि शब्दांचे फरकही पुष्कळ निघाले. कोणी जुनी पोथी चुकीची ठरविली नाही की नवी फेकली नाही. दोन्ही पाठ नोंदविले.

दुसरे उदाहरण योहानाच्या शुभवर्तमानातले. व्यभिचाराच्या आरोपावरून पकडून आणलेल्या स्त्रीची गोष्ट तेथे येते. ज्याने कधी पाप केले नसेल त्याने पहिला दगड मारावा, असे येशूने सांगताच सगळे एकेक करून निघून जातात. ही जगप्रसिद्ध गोष्ट चौथ्या शतकातील सर्वांत महत्त्वाच्या दोन ग्रीक हस्तलिखितांत नाहीच! मग अभ्यासकांनी काय केले? ती गाळून टाकली नाही. कंसात ठेवली आणि खाली टीप दिली. मला हा कंस फार आवडला. प्रेम सोडायचे नाही आणि खोटेही बोलायचे नाही, या दोन्ही गोष्टी त्यात साधतात.

या अभ्यासकांचा आणखी एक नियम आहे. दोन पाठांत जो अवघड, तो बहुधा जुना; कारण नकलणारा माणूस अवघड शब्द सोपा करतो, सोपा शब्द मुद्दाम अवघड करीत नाही. हा नियम वाचला आणि मी चपापले. आबांच्या वहीतला शब्द आमच्या बाजूचा, आता कोणी फारसा न वापरणारा. गाथेतला शब्द सोपा. म्हणजे कदाचित आबांची वहीच जुन्या पाठाची असेल! खात्रीने सांगणारी मी कोण? पण 'चुकीची' म्हणण्याचा अधिकार मला नव्हता, एवढे नक्की.

असा अभ्यास म्हणजे परक्यांचे खूळ, असे कोणी समजू नये. संत एकनाथांनी शके 1506 मध्ये अनेक प्रती पाहून ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1259 हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1966 मध्ये पुरी केली. नाथांची भक्ती काय कमी होती? शोधाने श्रद्धा मोडते असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

मात्र एक धोका मला दिसतो. दुसऱ्याच्या धर्मग्रंथातील पाठभेद हुडकून टाळ्या पिटायच्या आणि आपल्या पोथीला कोणी हात लावला की काठी उगारायची, ही वृत्ती वाढत आहे. हा अभ्यास नव्हे, भांडण आहे. ज्या मापाने शेजाऱ्याचे धान्य मोजायचे, त्याच मापाने आपलेही मोजले पाहिजे.

वडील विचारतात, यातून नोकरी मिळेल का? बहुधा नाही. परंतु शिक्षण घेऊन मी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला गप्प बसविणार असेन, तर त्या शिक्षणाचा तरी काय उपयोग? माझी एक साधी सूचना आहे. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गावोगावच्या भजनाच्या वह्यांची नोंद घ्यावी. वही मालकाकडेच राहू द्यावी. पानांची छायाचित्रे काढावीत आणि पाठभेद लिहून ठेवावेत. मोबाईल प्रत्येकाजवळ आहेच.

कार्तिकी एकादशीच्या आदल्या दिवशी मी आबांजवळ बसले. म्हणाले, "आबा, तुमच्या वहीतला एक अभंग गाथेत नाही. म्हणून तो लिहून ठेवायला पाहिजे. मागच्या खेपेला मी चुकीचं बोलले."

आबांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिले. मग कोनाड्याकडे हात केला आणि म्हणाले, "आधी हात धुऊन ये."