पुढारी खात्यातूनच निघतो



आमच्या आंबागडाचा किल्ला तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या टेकडीवर तो उभा आहे. गोंड राजा बख्त बुलंद याच्या अमदानीत, १७०० च्या सुमारास, राजाखान पठाणाने तो बांधला असं सांगतात. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. आत टाकलेल्या कैद्यांना तिथल्या विहिरीचं सडकं, विषारी पाणी पाजून मारीत, असं लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. राजाचं नाव राहिलं, पठाणाचं राहिलं, भोसल्यांचंही राहिलं. पण त्या कैद्यांपैकी एकाचं तरी नाव कुणाला ठाऊक आहे काय? ज्यांनी टेकडीवर दगड वाहिले, त्यांचं?

आपल्या चळवळीचंही असंच होऊ लागलं आहे. कोणत्याही कामगाराच्या पोराला विचारा, कामगारांचे पुढारी कोण? तो ना. म. जोशींचं नाव घेईल, डांग्यांचं घेईल, नागपूरकडचा असला तर रुईकरांचं घेईल, अलीकडचं म्हणून डॉक्टर दत्ता सामंतांचं घेईल. मोठी माणसं ती. त्यांचे उपकार आम्ही नाकारीत नाही. पण ही सारी शिकलेली माणसं, गिरणीच्या फाटकाबाहेरून आत आलेली. आता त्याच पोराला विचारा, अर्जुन आत्माराम आळवे कोण होते? पोरगा तोंडाकडे पाहत राहील. त्याच्या बापालाही सांगता येणार नाही.

आमचं म्हणणं एवढंच आहे की आळवे कोण, हे ज्या दिवशी प्रत्येक खात्यात ठाऊक होईल, त्या दिवशी कामगार दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणं सोडील.

आळवे मुंबईच्या गिरणीत राबणारे कामगार. शिक्षण बेताचं, आमच्यासारखंच. १९२३ च्या सुमारास कामगारांनी स्वतःच उभी केलेली गिरणी कामगार महामंडळ नावाची संघटना होती. आळवे तिचे अध्यक्ष, मयेकर चिटणीस. त्या काळी बहुतेक संघटनांच्या खुर्चीत वकील नाहीतर सुधारक बसलेला असे. इथे खुर्चीत घाम गाळणारा माणूस होता. १९२५ साली मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात केली. कामगारांनी संप केला आणि डिसेंबरात ती कपात मालकांना मागे घ्यावी लागली.

मग आला १९२८ चा संप. तो कशासाठी होता, हे मागवाल्याला निराळं समजावून सांगायला नको. दोन माग चालवणाऱ्याने तीन चालवावे, साच्यावर एक बाजू पाहणाऱ्याने दोन बाजू पाहाव्या, आणि उरलेल्यांनी घरी जावं! मालक त्याला सुधारणा म्हणत होते. कापड बिघडलं की तेच कापड कामगाराच्या गळ्यात मारून त्याचे पैसे पगारातून कापीत. दंड निराळा, मुकादमाची दस्तुरी निराळी. २६ एप्रिल १९२८ पासून ६ ऑक्टोबरपर्यंत, पाच महिन्यांच्या वर, सुमारे दीड लाख कामगारांनी मुंबईच्या गिरण्या बंद ठेवल्या. त्या धामधुमीतच, मे महिन्यात, लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन नोंदली गेली. अध्यक्ष पुन्हा आळवेच. आरंभी सभासद काही शेकडा होते. वर्ष संपताना ते ५४,००० च्या घरात गेले.

ही किमया भाषणांनी झाली, असं कुणी सांगेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. ती गिरणी समित्यांनी केली. प्रत्येक गिरणीत कामगारांनी आपल्यातलीच माणसं निवडली. वर्गणी गोळा करणं, कुणाचा दंड कापला ते विचारणं, मुकादमाशी बोलणं, दोघांचं भांडण तोडणं, हे सारं काम त्या माणसांनी केलं. कार्यकर्ता म्हणतात तो हाच. सभेत त्याला टाळी मिळत नाही. पाळी संपली की दुसरे झोपायला जातात, हा चाळीचे जिने चढतो. खाडा पडला तर पगार त्याचाच जातो. कामावरून काढायचं ठरलं तर पहिलं नाव त्याचंच निघतं. घरी बायको विचारते, दाणे संपले, पुढं काय? त्याचं उत्तर त्याच्याजवळ नसतं, तरी तो सकाळी फाटकावर उभा राहतो.

संपाच्या त्या महिन्यांत कामगार कशावर जगला? खानावळवाल्या बायांनी उधारीवर जेवू घातलं, वाण्याने वहीत लिहिलं, आणि पुष्कळसे गावाकडे कोकणात, घाटावर गेले. म्हणजे गिरणीचा संप गावच्या भातावर-भाकरीवर चालला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या अडीच लाख कामगारांच्या संपातही असंच घडलं. म्हणून आम्ही आंबागडसारख्या गावात हा मजकूर वाचायला देतो. आमच्याकडे कुणाचा भाऊ गिरणीत, कुणी चिखल्याला नाहीतर डोंगरीला मँगनीजच्या खाणीत, कुणाच्या घरी बाया बिड्या वळतात. मागणारा हात वेगळा दिसला तरी पोट एकच आहे.

सरकारने मात्र कार्यकर्त्याची किंमत बरोबर ओळखली. २० मार्च १९२९ ला देशभर धरपकड झाली आणि मीरतचा खटला उभा राहिला. मुंबईपासून शेकडो मैल दूर, ज्यूरी नाही, जामीन बहुतेकांना नाही. आरोपींत डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर होते, इंग्लंडहून आलेले स्प्रॅट आणि ब्रॅडले होते. आणि त्यांच्याच रांगेत मुंबईचे गिरणी कामगार आळवे आणि कासले होते. बादशहाचं राज्य उलथण्याचा कट केला, असा आरोप! ज्याला मालक माग बिघडला म्हणून आठ आणे दंड करीत असे, त्याला आता साम्राज्याचा शत्रू ठरवलं. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कामगाराला कुणी दिलं नसेल.

पुढारी तुरुंगात गेल्यावर एप्रिलात पुन्हा संप झाला आणि सप्टेंबरात तो मोडला. त्याच वर्षाअखेर नागपूरला ट्रेड युनियन काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तिथे संघटना दुभंगली. आळवे तेव्हा मीरतच्या तुरुंगात होते. जानेवारी १९३३ मध्ये निकाल लागला. आळवे आणि कासले यांना तीन-तीन वर्षांची सजा झाली. ऑगस्टात अलाहाबाद हायकोर्टाने दोघांनाही सोडून दिलं. म्हणजे ज्या गुन्ह्यासाठी चार वर्षं कोंडलं, तो गुन्हा शेवटी टिकलाच नाही. ती चार वर्षं त्यांना कोण परत देणार?

आता भाषेची गोष्ट. मीरतचा खटला इंग्रजीत चालला. साक्षी-पुराव्यांचे कागद इंग्रजीत, निकाल इंग्रजीत. ज्याच्या आयुष्याचा फैसला व्हायचा, त्याला तो फैसला दुसऱ्याने समजावून द्यायचा! युनियनचं खरं बळ मात्र याच्या उलट होतं. चाळीतल्या सभा मराठीत, हस्तपत्रकं मराठीत. म्हणून तर बेताचं शिकलेला माणूस अध्यक्ष होऊ शकला. बोलणं ज्याला कळतं त्यालाच सवाल विचारता येतो, आणि सवाल विचारणाराच पुढं पुढारी होतो.

कामगाराने मराठी राज्यासाठी रक्त सांडलं ते उगीच नाही. १ मे १९६० ला, कामगार दिनाच्याच दिवशी, राज्य झालं. १९६४ च्या कायद्याने मराठी राजभाषा झाली. पण गिरणीच्या फाटकाच्या आत ती पोचली काय? आमच्या हाती आलेला पगाराचा करार इंग्रजीत होता. ‘सही करा’ एवढंच मराठीत सांगितलं. आम्ही वाचून दाखवा म्हटलं, तर वेळ नाही म्हणाले.

आमच्याकडचे काही म्हातारे सांगतात, “आपल्याले का समजते बा? वकील पाहून घेईल ना!” बाबांनो, वकील जरूर असू द्या. कोर्टाचं काम त्याचं. पण संघटनेचं काम त्याचं नाही. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यानेसुद्धा म्हटलं होतं की पदाधिकाऱ्यांपैकी निदान निम्मे त्याच धंद्यात काम करणारे असावेत. पुष्कळ ठिकाणी ते निम्मे कागदावरच राहिले. नाव कामगाराचं, निर्णय दुसऱ्याचा.

आणखी एक आक्षेप ऐकू येतो, की आता गिरण्याच कुठे राहिल्या? खरं आहे. १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेली नागपूरची एम्प्रेस मिल २००२ साली बंद झाली. मुंबईच्या गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. पण कंत्राटाने सूत काढणाऱ्याला, बदलीवर राबणाऱ्याला, फंडाचा हिशेब न कळणाऱ्याला समितीची गरज पहिल्यापेक्षा जास्त आहे. त्याच्यामागे तर हजेरीपटही धड नसतो.

तेव्हा बंधूंनो, आळव्यांचा पुतळा आम्हांला नको. आम्ही तीन गोष्टी मागतो, आणि त्या सरकारकडे नव्हे, आपणा सर्वांकडे. पहिली, जिथे पंचवीस माणसं एका छपराखाली राबतात, तिथे त्यांनी आपल्यातूनच पाच माणसांची समिती निवडावी, आणि तिच्यात बाया असाव्यात. दुसरी, समितीचं इतिवृत्त आणि वर्गणीचा हिशेब मराठीत लिहावा आणि दर महिन्याला पाळी सुटताना मोठ्यानं वाचून दाखवावा. ज्या कराराची मराठी प्रत नाही, त्यावर सही करू नये. तिसरी, आपल्या चाळीतल्या, आपल्या गावातल्या जुन्या कामगारांजवळ बसावं, संपात कुणी काय केलं ते विचारावं आणि त्यांच्या संमतीने वहीत उतरून ठेवावं. चौथी पास पोरगीसुद्धा हे काम करू शकते.

वही आणि पेन्सिल, दोन्ही मिळून एका चहाच्या किमतीत येतात. पुढच्या रविवारी सुरुवात करा.