रात्रीचा गुन्हा, सकाळचा रक्तदाब

"डॉक्टर, गोळी बदला. ही लागू पडत नाही."

प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, वय अडुसष्ट. माझ्या मुलालाही त्यांनीच बाराखडी शिकवली. रक्तदाब पाहिला तर १७०/१००. तीन महिन्यांपूर्वी तो १३०/८० च्या आसपास होता. गोळी वेळेवर, लोणचे-पापड बंद. मग सकाळचे फिरणे? "ते सोडलं. दिवस बरे नाहीत हल्ली." झोप? "दोन-अडीचला डोळा लागतो."

खोदून विचारले तेव्हा उलगडा झाला. सुटीत आलेल्या नातवाने मोबाइलवर 'क्राइम पेट्रोल'चे जुने भाग लावून दिले होते. जेवण झाले की एक भाग, मग दुसरा, असे तीन-चार. नंतर उठून कडी पाहायची, मागचे दार पाहायचे, अंथरुणावर पडायचे आणि पुन्हा उठून कडी पाहायची. एका भागात मोलकरणीने घरमालकिणीला लुटले. बाईंनी बारा वर्षांची भांडेवाली काढून टाकली.

वाचकहो, मी या मालिकांना नाक मुरडणाऱ्यांपैकी नाही. आमच्या तरुणपणी मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' लागायची. पुढे १९९८ साली 'सीआयडी' आली आणि शिवाजी साटम घरातलेच झाले. आजही रात्री मी असा भाग लावला की सौ. म्हणते, "दिवसभर रोगी पाहून पोट भरलं नाही का?" पण 'सीआयडी'ची गोष्ट रचलेली असते, हे आपण जाणून असतो. २००३ पासूनच्या 'क्राइम पेट्रोल'ने खरे गुन्हे नाट्यरूपात दाखवायला सुरुवात केली. "हे घडलेले आहे" म्हटले की भीती पडद्यावर राहत नाही, घरात येते.

शरीराला पडद्यावरचा सुरा आणि समोरचा सुरा यांतला फरक चटकन कळत नाही. ॲड्रिनलिन वाढते, नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आकसतात. तरुणाला ते काही मिनिटांत निवते. रक्तदाबाचा रोगी त्याच अवस्थेत अंथरुणावर गेला की झोप उडते, आणि अपुरी झोप रक्तदाब आणखी चढवते.

मनाचेही तसेच. अमेरिकेत जॉर्ज गर्बनर आणि लॅरी ग्रॉस यांनी १९७६ साली दाखवून दिले की, फार टीव्ही पाहणाऱ्यांना जग आहे त्याहून अधिक धोक्याचे वाटते. आपल्याकडचे आकडे पाहा. २०२२ साली देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले, त्यांत सर्वाधिक आपसातल्या वादांतून. त्याच वर्षी रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, जवळजवळ सहापट. पण हेल्मेट न घालता मंडईत जाणाऱ्या माणसावर मालिका कोण काढणार? बाईंना खरा धोका होता तो चढलेल्या रक्तदाबाचा, आणि आतून तीन कड्या लावलेल्या घरात रात्री न्हाणीघरात पाय घसरण्याचा.

मात्र प्रत्येकीची भीती अशी उसनी नसते. काही स्त्रिया या मालिका पाहतात, कारण त्यातले घर त्यांना ओळखीचे वाटते. तसे असेल तर डॉक्टरांपाशी बोला, किंवा १८१ या महिला मदत क्रमांकावर फोन करा. तिथे मोबाइल बंद करण्याचा सल्ला कामाचा नाही.

बाईंना मात्र मी तोच सल्ला दिला, आणि जरा रागानेच. पंधरा दिवसांनी आल्या तेव्हा रक्तदाब थोडा उतरला होता, चेहरा मात्र पार उतरलेला. म्हणाल्या, "बंद केलं हो सगळं. पण आता आठ वाजल्यापासून घरात माणसाचा आवाज नाही." यजमान जाऊन चार वर्षे झाली, मुलगा पुण्यात. मी मीठ विचारले होते, झोप विचारली होती. संध्याकाळ कशी जाते हे विचारायचे राहून गेले होते.

मग दोघांनी मिळून ठरवले. भाग एकच, तोही संध्याकाळी पाचला, शेजारच्या वहिनींबरोबर. रात्री नऊला मुलाचा फोन. सकाळचे फिरणे एकटीने नको, शाळेच्या मैदानावर चौघीजणींच्या सोबतीने. घराची एक किल्ली वहिनींकडे, आणि रात्री आतून एवढीच कडी लावायची की ती किल्ली उपयोगी पडावी. भांडेवालीला त्यांनी स्वतः जाऊन बोलावून आणले. ती पहिल्या दिवशी बोलली नाही म्हणे.

गेल्या आठवड्यात रक्तदाब १४२/८६ भरला. "आता गोळी अर्धी करू का?" मी नाही म्हटले. उठता उठता त्यांनी, मी अर्धवट सोडलेल्या भागातला खुनी कोण, तेही सांगून टाकले.